राजेसाहेबांचं इंग्रजी

नाटक कंपनीत तिला सगळे सुईमावशी म्हणायचे. कॉलरला दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली, म्हणून. कपडेपट तिच्या ताब्यात होता. मखमलीचे अंगरखे, सेनापतींचे पट्टे, राण्यांचे झगे, सगळ्यांच्या उसवलेल्या बगला आणि ऐन वेळी तुटणारी बटणं. तिचा नवरा त्याच कंपनीत राजाचं काम करायचा. उभ्या हयातीत त्याने बहुतेक राजेच केले, त्यामुळे त्याला राजेसाहेब हे नाव पडलं, आणि मग ओघानेच त्यांच्या एकुलत्या एका मुलाला युवराज.

राजेसाहेबांना घरातही राजेपण सोडवत नसे. कांदे चिरायला बसले तरी असे ताठ बसायचे, की कांद्यांनीच आधी मुजरा करावा. सुईमावशी हसायची. "अहो, पडदा पडला. आता पाय सैल सोडा," म्हणायची. ते सोडायचे नाहीत.

त्यांच्या इंग्रजीची गोष्ट अशी, की एकदा त्यांच्या वाट्याला परदेशातून आलेल्या दूताची भूमिका आली. त्यात चांगलं लांबलचक इंग्रजी भाषण होतं. ते त्यांनी आपल्या लिपीत उतरवून घेतलं, महिनाभर आरशासमोर घोकलं, आणि रंगमंचावर असं काही झाडलं की टाळ्यांनी नाट्यगृह दणाणलं. राजेसाहेबांना फाडफाड इंग्रजी येतं, असं तेव्हापासून सगळे धरून चालले. राजेसाहेबांनीही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. शेजारीपाजारी इंग्रजी कागद घेऊन यायचे. ते कागदावरून एकदा नजर फिरवायचे, "हं" म्हणायचे, आणि सांगायचे, "राहू दे माझ्याकडे. निवांत वाचून उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी अगदी बिनचूक सांगायचे. सुईमावशीला त्याचं भारी कौतुक. तिचं स्वतःचं इंग्रजी ‘थँक यू’पाशी सुरू होऊन तिथेच संपायचं.

युवराज देखणा होता, आवाज बापाचा होता, आणि पाठांतर बापापेक्षाही चोख. कंपनीत सगळ्यांना वाटायचं, पोरगा नाव काढणार. पण विशीतच बाटलीने त्याला धरलं. आधी प्रयोग संपल्यावर, मग प्रयोगाआधी. सुईमावशीला अंगरख्यांच्या वासावरून कळायचं. ती ते गुपचूप धुवायची, वाळवायची, नवऱ्याच्या नाकाला लागू द्यायची नाही. आईचं काळीज. पण झाकून झाकून किती झाकणार?

एका संध्याकाळी भरल्या नाट्यगृहात युवराज रंगमंचावर आला तो झोकांड्या खातच. दोन वाक्यं बोलला, तिसऱ्याला सिंहासनाच्या पायरीला अडखळला आणि तोंडावर आपटला. प्रेक्षकांना आधी वाटलं, नाटकातच आहे. मग कुणीतरी शिट्टी मारली. पडदा पाडावा लागला. पडद्यामागे राजेसाहेबांनी मुकुटासकट, दाढीसकट, सगळ्या कंपनीदेखत मुलाच्या थोबाडीत मारली.

"माझ्या रंगमंचावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. माझ्या उंबऱ्यावरही नाही."

 गालावर हात ठेवून युवराज मागच्या दाराने निघून गेला, अंगावर नाटकातले कपडे तसेच. सुईमावशी त्याचा सदरा घेऊन रस्त्यापर्यंत धावली. तोवर तो वळणाआड गेला होता. सदरा हातात घेऊन ती कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली. येणारे-जाणारे वळून बघत होते.

त्यानंतर वर्षं गेली. तो दूर कुठल्या शहरात आहे, लग्न केलंय, बायको परक्या मुलखातली आहे, अशा उडत उडत बातम्या यायच्या. राजेसाहेब त्या ऐकून न ऐकल्यासारख्या करायचे. पण टेलिफोन वाजला की पहिल्यांदा मान त्यांचीच वळायची, हे सुईमावशीने कैकदा पाहिलं होतं.

आणि एका दुपारी तो फोन आला. ती इस्त्री करत होती. राजेसाहेबांनी फोन उचलला, आणि तिला दिसलं की ते आरामखुर्चीतून उठून उभे राहिले. सरळ, ताठ, छाती काढून. "येस," ते म्हणाले. मग बराच वेळ ऐकत राहिले. पुन्हा "येस." मग, "आय सी." मग, "थँक यू. गुड डे." त्यांनी फोन ठेवला, आणि हात तसाच त्याच्यावर दाबून उभे राहिले.

"कोण होतं?"

"तुझी सून."

इस्त्रीखालचं कापड करपायला लागलं तेव्हा कुठे तिचा हात हलला. "काय म्हणाली? तो बरा आहे ना? अहो, बोला ना."

"बरा आहे. चांगला बरा आहे." राजेसाहेबांचा आवाज रंगमंचावरच्यासारखा खर्जात गेला होता. "तिने निरोप दिला त्याचा. स्वतः बोलायचीही लाज वाटली त्याला. ही हॅज क्लीन्ड अप हिज ॲक्ट. म्हणजे त्याने आपलं नाटक आवरलंय. मुलगा असल्याचं नाटक. आणि म्हणाली, ही वाँट्स टु वाइप द स्लेट क्लीन. स्लेट म्हणजे पाटी. पाटी साफ पुसून टाकायची आहे त्याला. आपल्या दोघांची नावं पुसायचीत."

"असं म्हणाली? फोन करून?"

"इंग्रजीत म्हणाली. त्या भाषेत माणसं असंच बोलतात. गोड आवाजात."

सुईमावशीने पुढे काही विचारलं नाही. राजेसाहेबांचं इंग्रजी, त्यावर ती काय बोलणार? त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी टर्पेंटाइनमध्ये फडका बुडवला आणि दारावरच्या पाटीवरचं मुलाचं नाव घासून काढलं. "त्याला पुसायचंय ना? मग आपणच पुसू," म्हणाले. घासताना त्यांचे डोळे वाहत होते. "टर्पेंटाइन झोंबतं," एवढंच म्हणाले.

ती दोन वाक्यं मात्र त्यांच्या डोक्यात कायमची बसली. नटाचं पाठांतर. जेवताना, दाढी करताना, खिडकीशी उभे असताना ते मध्येच पुटपुटायचे, क्लीन्ड अप हिज ॲक्ट, वाइप द स्लेट क्लीन. प्रत्येक वेळी जरा निराळ्या आवाजात, जणू कुठेतरी वेगळा अर्थ सापडतो का ते बघत. ऐकून ऐकून सुईमावशीलाही ती वाक्यं तोंडपाठ झाली. पुढे त्यांच्या फुफ्फुसांचं दुखणं निघालं. वर्षभर झिजले आणि गेले. युवराज आला नाही. येणार नाही, हे तिने मनाशी धरलंच होतं. तरी दारात कुणाची सावली पडली की तिची मान वर व्हायची.

कंपनी पुढे बंद पडली. सुईमावशी एका कपड्यांच्या दुकानात काम करू लागली. पँटा आखूड करायच्या, कोट सैल करायचे. दुकानात निम्मी गिऱ्हाइकं इंग्रजीत बोलायची, आणि एकदा तिने "टेक इट इन" ऐकून कोट आत नेऊन ठेवला; बाईला तो अंगासरसा करून हवा होता. मालकीणबाई हसून म्हणाल्या, "मावशी, वाचनालयात संध्याकाळचा वर्ग आहे. जा की."

वर्गाची शिक्षिका नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, चुणचुणीत पोर होती. विद्यार्थी म्हणजे एक टॅक्सीवाला, एक बेकरीवाला, इस्पितळात झाडलोट करणाऱ्या दोघी आणि सुईमावशी. एका आठवड्यात शिक्षिकेने पुसण्या-खोडण्याचे वाक्प्रचार घेतले. "रब आउट म्हणजे खोडून टाकणं. पण गुंडाच्या तोंडी आलं तर पळा, कारण मग त्याचा अर्थ जिवे मारणं. वाइप आउट म्हणजे नामशेष करणं. पण ‘आय ॲम वाइप्ड आउट’ म्हणालं कुणी, तर ते नुसतं दमलेलं असतं."

"मग मी रोज संध्याकाळी नामशेष होतो," टॅक्सीवाला म्हणाला. सगळे हसले.

पुढच्या आठवड्यात पाळी आली ‘ॲक्ट’ या शब्दाची. शिक्षिका म्हणाली, "आज सुईमावशींचा दिवस. जन्म नाटकात गेलाय त्यांचा." मावशी लाजली. ‘ॲक्ट युअर एज’ म्हणजे वयाला शोभेल असं वाग. ‘पुट ऑन ॲन ॲक्ट’ म्हणजे सोंग करणं. ‘ॲक्ट अप’ म्हणजे पोराने त्रास द्यायला लागणं, किंवा यंत्राने.

"म्हणजे माझं शिलाई मशीन," मावशी म्हणाली. पुन्हा हशा.

"आणि हे बघा, ‘क्लीन अप युअर ॲक्ट’. यात नाटकाचा काडीचा संबंध नाही हं. म्हणजे आपलं वागणं सुधारणं. समजा कुणी दारू प्यायचा. सोडली, कामधंद्याला लागला, माणसात आला. तर म्हणायचं, ही हॅज क्लीन्ड अप हिज ॲक्ट."

हशा विरला होता की नाही, सुईमावशीला आठवत नाही. तिला फक्त आपला हात वर गेलेला दिसला.

"बोला मावशी."

"आणि ते... वाइप द स्लेट क्लीन?"

"अरे वा! ते गेल्या आठवड्यात राहूनच गेलं. पाटी स्वच्छ पुसणं. म्हणजे झालं गेलं विसरून जाणं. भांडण मिटवून पुन्हा नव्याने सुरुवात करणं."

"नातं तोडणं नव्हे?"

"छे हो. अगदी उलट."

"थँक यू," सुईमावशी म्हणाली. ती वर्ग संपेपर्यंत बसून राहिली. शिक्षिका पुढे काय काय शिकवत होती. मावशीच्या कानात नुसता समुद्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रंगारीकडे गेली. रंगारी म्हणजे कंपनीतला रंगभूषा करणारा. राजेसाहेबांच्या दाढ्या चिकटवण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि पोटातली गोष्ट राजेसाहेब कुणाला सांगत असतील तर त्यालाच. ती दारातच म्हणाली, "भाऊजी, युवराजचा पत्ता आहे तुमच्याकडे?"

रंगारीने तिला आत बसवलं, पाणी दिलं. "आहे वहिनी. पहिल्यापासून आहे. नाव काढलं तर मैत्री संपली, असं राजेसाहेबांनी बजावलं होतं मला."

"त्याने फोन का केला होता, ठाऊक होतं तुम्हाला?"

"हो. पोरगं सुधारलं होतं. माफी मागायची होती त्याला. राजेसाहेबांनी थँक यू, गुड डे म्हणून फोन ठेवला. मला वाटलं, तुम्ही दोघांनी ठरवूनच नाही म्हटलंय. नवरा-बायकोच्या मध्ये मी कशाला तोंड घालू?" तो थांबला. "राजेसाहेब गेले तेव्हा मी त्याला कळवलं होतं. म्हणाला, जिवंतपणी त्यांनी मला नको म्हटलं, आता मेल्यावर जबरदस्ती कशाला करू?"

सुईमावशीने त्याला राजेसाहेबांनी लावलेला अर्थ सांगितला, आणि काल वर्गात जे ऐकलं तेही. म्हातारा रंगारी ऐकता ऐकता खालच्या स्टुलावर बसला.

"म्हणजे त्यांना कळलंच नाही," तो म्हणाला.

"असं कसं कळलं नाही? लोकांचे कागद वाचून द्यायचे ना?"

"वहिनी..." रंगारी चाचरला. "ते कागद राजेसाहेब औषधाच्या दुकानवाल्याकडून वाचून घ्यायचे. मागच्या दाराने जाऊन. मला ठाऊक होतं, आणि त्या दुकानवाल्याला. राजेसाहेबांना इंग्रजी येत नव्हतं हो. पाठ केलेलं म्हणता यायचं, एवढंच."

"मग त्या दिवशी नाही का जाता आलं दुकानवाल्याकडे?"

"दुसऱ्याचा कागद विचारायला माणूस जातो. माझ्या पोराने मला काय म्हटलं, हे कुणाला कसं विचारणार ते? राजाच ना शेवटी."

घरी परतताना सुईमावशीला आधी राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग. रस्त्यात एका बाकावर बसून तिने वाक्यं जुळवली. घरी आल्यावर रंगारीने दिलेल्या नंबरवर फोन लावला. पलीकडे बाईचा आवाज आला. मावशीने जुळवलेलं सगळं एका क्षणात हवेत विरलं.

"आय ॲम मदर," ती म्हणाली. मग वाटलं, हे पुरेसं नाही. "हिज मदर."

 पलीकडे श्वास ऐकू आला.

"वी डिड नॉट अंडरस्टँड," सुईमावशी म्हणाली. "ही थॉट... यू सेड गुडबाय. वी डिड नॉट नो इंग्लिश. आय लर्न नाऊ. येस्टरडे आय अंडरस्टँड."

सून रडायला लागली. मग हळूहळू, एकेक शब्द सुटा करत बोलली, लहान मुलाशी बोलावं तशी. मावशीला त्यातलं निम्मंच कळलं. पण एवढं कळलं, की त्या दिवशी तो शेजारीच उभा होता. आधी त्यानेच फोन लावला होता, बापाचा आवाज कानावर पडताच धीर सुटला, आणि त्याने फोन बायकोच्या हातात दिला. ‘गुड डे’ ऐकून तो स्वयंपाकघरात गेला आणि भांडी घासत बसला. आधीच घासलेली भांडी.

ते दोघं पुढच्याच आठवड्यात आले. युवराजच्या कानशिलांवर पांढरं आलं होतं. कुठल्याशा गोदामात देखरेखीचं काम करायचा, नाटकाच्या वाटेला पुन्हा गेला नव्हता. दारूला शिवला नव्हता. दारावरच्या पाटीकडे त्याने एकदा बघितलं आणि आत येऊन आईच्या पाया पडायला वाकला. तिने मध्येच धरलं. दोघांनाही काय करावं कळेना, म्हणून ती म्हणाली, "खांद्यात शिवण निघालीय तुझ्या कोटाची. काढ इकडे."

ती शिवत होती आणि तो बोलत होता. मग तिने सगळं सांगितलं. दुकानवाला, मागचं दार, सगळं. युवराज हसला. अगदी खळखळून हसला, "बाबा आणि इंग्रजी!" म्हणाला, आणि ते हसू अर्ध्यात मोडून तो ओंजळीत तोंड घालून रडायला लागला. सून त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. तिला काय चाललंय ते शब्दाशब्दाने कळत नव्हतं, तरी तिचा हात बरोबर जागी होता.

"शेवटी त्यांना त्रास झाला का गं?" त्याने विचारलं.

"शुद्ध हरपली होती. नाटकातली वाक्यं बोलायचे. एकच वाक्य सारखं. ‘युवराजांना आत घ्या. बाहेर थंडी आहे, युवराजांना आत घ्या.’ कुठल्या नाटकातलं कोण जाणे. मी आपली कपडेपटात, मला रंगमंचावरचं अर्धंच ऐकू यायचं."

युवराजने मान वर केली. बापाची सगळी नाटकं त्याला लहानपणापासून मुखोद्गत होती.

"आई, हे वाक्य कुठल्याच नाटकात नाही."

सुईमावशीचा हात थांबला. सुई कापडात तशीच राहिली.  मग तीच म्हणाली, "मी त्यांना म्हणत होते, अहो, प्रयोग संपला, झोपा आता."

ते चार दिवस राहिले. सुनेने तिला आपल्याकडे यायला सांगितलं, मावशीने "येस, येस" म्हटलं, आणि दोघींनाही ठाऊक होतं की ते इतक्यात होणार नाही. युवराज आईशी प्रेमाने बोलायचा, पण मधूनच पाहुण्यासारखा संकोचायचा. पाण्याचा पेला कुठे असतो हे विचारायचा. तिला ते टोचायचं. मधली वर्षं कुणी उसवून पुन्हा शिवून दिली नव्हती. जाताना त्याने बापाचा चष्मा मागून घेतला, दुसरं काही नाही.

आता तो दर रविवारी फोन करतो. कधी सून बोलते, आणि मावशी तिला सावकाश, चुकत चुकत उत्तर देते. काही कळलं नाही की लगेच विचारते, "व्हॉट इज मीनिंग?" लाजत नाही.

पण फोन ठेवला की घर पूर्वीसारखंच गप्प होतं. मग कधी कधी ती खिडकीशी उभी राहून नवऱ्याशी भांडते. एक शब्द कुणाला विचारला असतात, तर जीभ झडली असती का तुमची? आणि भांडता भांडता तिचा आवाज खाली येतो. कारण तीही त्या दिवशी खोलीतच होती, इस्त्री हातात धरून. फोन दोन पावलांवर होता. द्या इकडे, मला माझ्या मुलाशी बोलू द्या, एवढं तिलाही म्हणता आलं असतं. पोटच्या पोराशी बोलायला इंग्रजी कशाला लागत होतं?